मुळाशी कापूस

१

धाकटी जाऊ चार वर्षांनी माझ्या दारात आली ती हातात निळी बादली घेऊन. बादलीत रबरी नळी, हातभर लांबीचा चिमटा आणि एक ओला टॉवेल.

"आत येऊ का, जाऊबाई?"

पूर्वी ती मला ताई म्हणायची. भांडणानंतर जाऊबाई झाले. भांडण कशावरून झालं ते सांगत बसत नाही. दोघींचंही म्हणणं बरोबर होतं, म्हणून तर ते चार वर्षं टिकलं.

"आलीच आहेस तर ये. बादली बाहेर ठेव."

ती खुर्चीच्या कडेवर टेकली. चेहरा उतरलेला, गळ्याची हाडं वर आलेली. नुकतीच आजारातून उठली असावी, पण मी विचारलं नाही.

"दातांच्या डॉक्टरांची टाकी मेली," ती म्हणाली. "मासे आहेत. झाडं गेली. सगळी."

धाकटी लोकांच्या फिशटँक सांभाळते. पाच दवाखान्यांतल्या पाच टाक्या. धाकट्या दिरांचं दुकान बसल्यापासून त्यांचं घर याच कामावर चालतं. त्यातली सगळ्यात देखणी टाकी या दंतवैद्याच्या दवाखान्यातली. त्याच्या बायकोनं अकरा वर्षं खपून लावलेली. एका मुळापासून वाढवत वाढवत तिनं टाकीचा तळ झाडांनी भरून टाकला होता. दोन वर्षांपूर्वी ती बाई गेली आणि काम धाकटीकडे आलं, एक शनिवार सोडून एक शनिवार.

"मंगळवारी डॉक्टरांनी बोलावलं. बघते तर सगळ्याचा चिखल. मला हातही लावू दिला नाही. म्हणाले, तू शेवाळं मारायचं औषध जास्त ओतलंस. आणि माझ्यासमोरच बाकीच्या चौघांना फोन केले. बाईनं विष घातलं, हिला दारात उभी करू नका. दोघांनी लगेच नको म्हणून सांगितलं. दोघं रविवारपर्यंत कळवणार आहेत."

आज गुरुवार होता.

"मग मी काय करू? मी काय माळीण आहे?"

"तुम्ही पाणी तपासा. चौतीस वर्षं पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत होतात. तुमचं ते मानतील." मग खाली बघत म्हणाली, "आणि तुम्ही माझ्या बाजूनं खोटं बोलणार नाही, हे तर सगळ्यांना ठाऊक आहे."

हे मात्र ती लाख बोलली.

"विष घातलंस?"

"नाही."

"माझ्यापासून काही लपवतेस?"

"नाही."

पहिलं नाही सरळ आलं. दुसऱ्याच्या आधी तिनं दाराबाहेरच्या बादलीकडे पाहिलं.

२

दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत एक लांब बाक, एक काउंटर आणि भिंतीला लागून पुरुषभर लांबीची टाकी. आत मासे मजेत फिरत होते. तळाशी मात्र तपकिरी गाळ आणि त्यातून वर आलेले काही काळपट देठ. भिजून फुटलेल्या कागदासारखी पानं वाळूवर पसरली होती.

"बघा," डॉक्टर म्हणाले. साठीचे, गोरे, आवाज रुग्णाच्या तोंडात हात असल्यासारखा वरचा. "बघा तुमच्या जावेची करणी. आता तिला वाचवायला घरचं माणूस आणलंय."

"घरचं असलं तरी गोड नाही," मी म्हटलं. "स्टूल द्या."

मी पाण्याचे नमुने घेतले. सोबत आणलेल्या पाणी तपासायच्या पट्ट्या बुडवून पाहिल्या. पाणी ठीक होतं. पण पट्ट्यांवर सगळं कळत नाही, त्यामुळे मी टाकीच बघत बसले. कोपऱ्यातल्या लाकडावर मॉस, म्हणजे मखमलीसारखं बारीक रोप, बांधलेलं होतं, हिरवंगार. त्यावर नखाएवढ्या कोळंब्या चरत होत्या. वर तरंगणारी बारीक पानंही ताजी होती. मेलं होतं ते फक्त वाळूत रोवलेलं.

"औषध जास्त झालं की आधी काय मरतं?" मी धाकटीला विचारलं.

"मॉस. मग कोळंब्या. लांब पानांची झाडं शेवटी."

"कोणतं औषध?"

उत्तर डॉक्टरांनी दिलं. "आम्ही हत्यारं बुडवून ठेवतो ना, त्याच जातीचं. हिच्याकडचं पातळ असतं. माझं कपाटातलं कडक. कदाचित तेच चोरून ओतलं असेल."

"कडक ओतलं असतं तर हे मासे तुम्हाला असे बघत राहिले असते का?"

डॉक्टरांनी टाकीखालच्या कपाटाचं दार उघडून आतलं कार्ड माझ्यासमोर धरलं. धाकटीच्या भेटींचं कार्ड. तारखा आणि पुढे सह्या. शेवटची सही बारा दिवसांपूर्वीच्या शनिवारची.

"मी शुक्रवार ते रविवार परगावी होतो, दंतवैद्यांच्या संमेलनाला. शनिवारी ही येऊन गेली. सोमवारी मी आलो तेव्हा टाकी उलट जास्तच टवटवीत. एका पेशंटनं कौतुकानं फोटो काढून मला पाठवला. शुक्रवारपर्यंत पानं काचेसारखी झाली आणि या मंगळवारी चिखल. हिच्यानंतर टाकीत कुणाचाही हात गेलेला नाही."

"तो फोटो मला पाठवा."

पाठवला. मी चिमटा मागितला, एक मेलेला देठ धरला आणि अलगद ओढला. मुळासकट वर आला. मुळाभोवती पिवळट कापसाचा बोळा घट्ट बसलेला होता. दुसरा ओढला. त्यालाही बोळा. तिसरा, चौथा, तसंच.

"कापूस तर आमच्याकडचा दिसतोय," डॉक्टर पुटपुटले.

मी बोळा बोटांत चुरगळला. दातांचा कापूस ओला झाला की मऊ पडतो. हा टोचत होता. मी चार बोळे रुमालात बांधले.

तेवढ्यात आतल्या खोलीतून डॉक्टरांची मुलगी आली. तीही दंतवैद्य. जवळच दोन गल्ल्या सोडून सासरी राहते. काउंटरवरची बाई महिन्यापूर्वी काम सोडून गेल्यापासून वेळा लिहायची वहीही हीच सांभाळते.

"अजून संपलं नाही का हे?" ती म्हणाली. "बाबा, मी कधीची सांगतेय, टाकी काढा, तिथं दुसरी खुर्ची बसेल."

"तू त्या शनिवारी इथं होतीस?" मी विचारलं.

"मीच दवाखाना चालवत होते."

"माझी जाऊ आली होती?"

तिनं धाकटीकडे पाहिलं, मग कार्डाकडे. "हो. अकरा वाजता. मीच दार उघडलं. तासभर टाकीत हात घालून बसली होती."

मी धाकटीकडे वळले. तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

३

रस्त्यावर आल्यावर मी तिला दंडाला धरून एका बंद दुकानाच्या पायरीवर बसवलं.

"आता बोल. आणि नीट बोल, मला फार वेळ नाही."

"मी गेलेच नव्हते," ती म्हणाली.

"कुठं?"

"शनिवारी. दवाखान्यात. अंगात ताप होता, उठवत नव्हतं. हे मला इस्पितळात घेऊन गेले, दहापासून चारपर्यंत सलाईन लावलं. चिठ्ठी आहे घरी. नंतर आठवडा अंथरुणात गेला."

"मग सही?"

"आधीच्या खेपेलाच करून ठेवली होती." तिचा आवाज बसला. "कधीकधी करते. दोन खेपांची एकदम. म्हणजे एखादी खेप चुकली तरी बोलणी बसत नाहीत."

माझं डोकं सणकलं. न घेतलेल्या नमुन्यांवर सह्या करणाऱ्या लोकांना मी चौतीस वर्षं पिदडलं. आणि आमच्याच घरात हे.

"अक्कल गहाण ठेवली होतीस? मंगळवारीच सांगितलं असतंस, मी आलेच नाही, तर विषाचा प्रश्नच मिटला असता."

"आणि खोट्या सहीचा? विष घातलं नाही हे तरी पटेल एखाद्याला. पण ही न येता सह्या करते, हे कळलं तर पाचांपैकी कोण ठेवेल?"

मी तिच्यावर आणखी ओरडणार होते. पण त्याऐवजी उठून उभी राहिले. कारण धाकटी शनिवारी दवाखान्यात गेलीच नव्हती, आणि डॉक्टरांच्या मुलीनं अकरा वाजता तिला स्वतः दार उघडलं होतं.

४

"माझ्या मेव्हण्याकडे जा ना," निघताना डॉक्टर दात ओठ खात म्हणाले होते. "बायको गेल्यापासून तो त्या टाकीवर डोळा ठेवून आहे."

तर मी मेव्हण्याकडे गेले. धाकटीला घरी चिठ्ठी शोधायला पिटाळलं.

मेव्हणा छपाईच्या कामातला. बुटका, दाढीवाला, वरच्या मजल्यावर एकटा राहणारा. खोलीत पाच टाक्या आणि बसायला एक स्टूल, तेही त्यानं मला दिलं नाही.

"त्या माणसानं पाठवलंय ना तुम्हाला?"

"तो माणूस मला आवडत नाही. तुम्हीही आवडाल असं दिसत नाही. झाडं तुम्ही मारली का?"

"मारली? मी?" तो फणकारला. "माझ्या बहिणीनं लावलेली झाडं. एक फुटवा मागितला तर दाजी म्हणाले, दवाखान्याची शोभा आहे, तोडू देणार नाही. काल मी काचेबाहेरून बघून आलो. गाळ प्रयोगशाळेत पाठवा म्हणून सांगितलं तर मलाच हाकलून दिलं. मला दवाखान्याची किल्ली मिळाली असती तर दोन वर्षांपूर्वीच घेऊन आलो असतो सगळं."

"किल्ली कुणाकडे असते?"

"बापाकडे आणि लेकीकडे."

मी रुमाल सोडून बोळे त्याच्यापुढे ठेवले. त्यानं एक उचलला आणि वास घेतला.

"हा माझ्या बहिणीच्या टाकीतला?"

"चार मुळांना चार. आणखी असतील."

"नाही. शक्य नाही." त्यानं मान हलवली. "ही नर्सरीतली लोकर आहे. दगड वितळवून करतात. रोपं यात रोवून, डबीत घालून विकतात. माझ्या बहिणीनं उभ्या जन्मात नर्सरीचं रोप घेतलं नाही. तिच्या झाडांची मुळं हातभर लांब होती, वाळूत जाळं झालं होतं."

मी फोनवरचा फोटो दाखवला. टवटवीत सोमवारचा.

तो हसला, पण ते हसणं चांगलं नव्हतं. "ही तिची झाडं नाहीतच. जात तीच, पण ही नर्सरीतली. बघा, पान गोल, ताठ, आखूड. तिची पानं लांब, सुरकुतलेली, वाहणारी. नर्सरीत ही झाडं हवेत वाढवतात, पाण्याबाहेर. पाण्यात बुडवली की पहिले तीन-चार दिवस छान दिसतात. मग हवेतलं पान सडून गळतं. आठवड्या-दोन आठवड्यांत चिखल. नवी पानं पाण्यातली येतात, पण त्याला महिना लागतो."

"म्हणजे झाडं मेलीच नाहीत. बदलली."

"आणि बदलणाऱ्याला यातलं काडीचं कळत नाही. लोकर काढून, मुळं धुऊनच लावायची असतात. टाकीचा नाद लागलेलं शाळकरी पोरही ते करतं."

माझा एक संशयित तिथंच कटाप झाला. घरात पाच टाक्या सांभाळणारा माणूस चोरी करेल, पण चोरीचा असा पुरावा प्रत्येक मुळाला बांधून ठेवणार नाही.

"बापाला कसं नाही कळलं?" मी विचारलं. "रोज समोर होती झाडं."

"त्यानं ती कधी पाहिली असतील तर ना," मेव्हणा म्हणाला. "तो टाकीकडे बघणाऱ्या पेशंटांकडे बघायचा."

५

शुक्रवारी दुपारी आम्ही दोघी पुन्हा दवाखान्यात गेलो. दुपारची वेळ, बाक रिकामा. डॉक्टर आणि त्यांची मुलगी, दोघंही होती. मी न विचारताच काउंटरमागची वही ओढली आणि त्या शनिवारचं पान काढलं.

"सात नावं," मी म्हटलं. "सातही खोडून पुढच्या आठवड्यात लिहिलेली. अक्षर मुलीचं. डॉक्टर, तुम्ही संमेलनात होतात तेव्हा तुमचा दवाखाना बंद होता."

डॉक्टरांनी चष्मा वर केला. "काय गं?"

"मला बरं नव्हतं," मुलगी म्हणाली.

"बरं हिला नव्हतं." मी सलाईनची चिठ्ठी काउंटरवर ठेवली. "शनिवार, दहा ते चार. ही इथं आलीच नाही. कार्डावरची सही आधीची, खोटी. त्याबद्दल मी तिला जे बोलायचं ते बोलले आहे. पण तू तर तिला अकरा वाजता दार उघडलंस. का? ती आली नव्हती हे सांगितलं असतंस, तर त्या दिवशी टाकीपाशी तू एकटीच होतीस हे निघालं असतं. तुला कार्डावर आयती सही दिसली आणि तू ती पकडलीस. तिचं खोटं तिला बोलू देईना, तुझं खोटं तुला."

मी पुढे सांगितलं. पाण्यात विष नाही, मॉस आणि कोळंब्या जिवंत आहेत. मेली ती झाडं मुळातली नव्हेत, नर्सरीतली. सोमवारी ती ताजी होती, म्हणजे शुक्रवार ते रविवार या तीन दिवसांत लावलेली. किल्ल्या दोन. एक डॉक्टरांबरोबर परगावी.

"ज्याला टाकी नको होती त्यानं औषध ओतून मोकळं व्हायचं होतं, औषध इथंच कपाटात आहे," मी म्हटलं. "पण कुणीतरी जुनी झाडं एकेक करून काढली आणि तिथं नवी एकेक करून लावली. म्हणजे त्याला ती जिवंत हवी होती. त्यानं लोकर का नाही काढली, यावर मी रात्रभर डोकं खाजवलं. तुमच्या धंद्यात काय शिकवतात? मुळाला उगाच धक्का लावायचा नाही. बरोबर ना, डॉक्टरीणबाई?"

मुलगी काउंटरला टेकली.

"मला वाटलं, तो मुळाचा आधार आहे," ती म्हणाली. "काढला तर रोप मरेल."

"तू?" डॉक्टर म्हणाले. "तुला तर टाकीच नको होती."

"टाकी नको होती. झाडं हवी होती." ती आता बापाकडे बघत बोलत होती, आम्ही तिथं नसल्यासारखी. "आई शेवटच्या महिन्यात म्हणाली होती, ही तू ने. मी तुम्हाला तीनदा मागितली. तुम्ही म्हणालात, पेशंटना आवडतात. तुम्ही तिच्या झाडांवर दवाखान्याचं नाव लावलंत, बाबा. तिचं नाव कुठंय इथं? मला राग येतो या खोलीत पाऊल टाकताना. रोज येतो."

"म्हणून चोरी?"

"हो. म्हणून चोरी."

"आणि मी?" धाकटी पहिल्यांदा बोलली. "मंगळवारी तुमचे वडील फोन करत होते तेव्हा तुम्ही त्या दारात उभ्या होतात. चारही फोन ऐकलेत. माझ्या घरात पोरं आहेत."

मुलीनं मान खाली घातली. "मी गप्प बसले. मला वाटलं, तुम्हाला दुसरं काम मिळेल."

धाकटीनं बादलीची कडी इतकी आवळली की बोटं पांढरी पडली. मी असते तर ती बादली तिच्या डोक्यात घातली असती.

६

डॉक्टर लवकर सावरले. अशी माणसं सावरतातच.

"झालं गेलं," ते म्हणाले. "घरातली गोष्ट घरात राहू दे. मी चौघांना सांगतो, नळाच्या पाण्यात दोष होता. तुमच्या जावेवर आळ राहणार नाही. तिचं काम तिला परत."

खरं सांगते, धाकटीच्या चेहऱ्यावर मला मोह दिसला. फुकट सुटका होती, खोटी सहीसुद्धा झाकली जात होती. मी बोलणार होते, पण त्याआधी मुलगी बोलली.

"ती माझ्याकडेही मरतायत," ती म्हणाली. आवाज फुटला होता. "आईची. घरी नेली तेव्हापासून पानं गळतायत. मी रोज पाणी बदलते, खत घालते, रोज उपटून मुळं बघते. आज सकाळी तीनच हिरवी राहिली. मामाला विचारायचं तोंड नाही. तुम्ही येऊन बघाल?"

ज्या बाईला तिनं बुडवलं, तिलाच विचारत होती. मला वाटलं, धाकटी पाठ फिरवेल. फिरवली असती तर मी टाळ्या वाजवल्या असत्या.

"उपटू नका आधी," धाकटी म्हणाली. "पाणी बदलू नका, खत बंद. ही झाडं जागा हलली की पानं टाकतात. मूळ पांढरं आणि टणक असेल तर जगतील. मऊ झालं असेल तर आज संध्याकाळपर्यंतच वेळ आहे."

"मग चला."

"नाही." धाकटीनं बादली खाली ठेवली. "आधी चार फोन. माझ्यासमोर, आवाज मोठा करून. पाण्याचा दोष नाही, खरं ते सांगायचं. मग मी बादली उचलते."

"बाई, हे ब्लॅकमेल आहे," डॉक्टर म्हणाले.

"तुम्ही मंगळवारी केलेत ते कोणते फोन होते?" मी विचारलं.

मुलीनं बापाच्या हातातून फोन घेतला. पहिला कानाच्या डॉक्टरांना. तिनं नाव सांगितलं आणि म्हणाली, झाडं मी काढली होती, आईची म्हणून. त्या बाईंनी काहीच केलं नाही, मी त्यांना दोषी ठरू दिलं. दुसऱ्या फोनला तिचा आवाज स्थिर झाला होता. तिसरा आटोपला. डॉक्टर खिडकीकडे तोंड करून उभे होते आणि त्यांचा कान लाल झाला होता.

चौथा फोन डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंचा. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "अरेरे," त्या म्हणाल्या. "मग काही प्रश्नच नाही. मंगळवारी पाठवा त्यांना."

धाकटीनं हात पुढे केला आणि फोन घेतला.

"मॅडम, मी बोलतेय. एक राहिलं. त्या शनिवारी मी आजारी होते, गेले नव्हते, पण माझी सही कार्डावर आहे. आधी करून ठेवलेली. तुमच्याकडेही एकदा केलीय, मागच्या महिन्यात."

मी तिला डोळ्यांनी खुणावत होते, ठेव, मूर्ख, ठेव फोन.

"हे न सांगताही चाललं असतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"हो."

"मला विचार करावा लागेल. मंगळवारी येऊ नका. मी कळवेन."

फोन बंद झाला. धाकटीनं तो काउंटरवर ठेवला. मग बाकीचे तीन नंबर एकेक करून स्वतः लावले आणि तेच तिघांनाही सांगितलं. एकानं हसून सोडून दिलं, एकानं ताकीद दिली, कानाच्या डॉक्टरांनी काम काढून घेतलं. आरोप होता तेव्हा दोन कामं गेली होती. आरोप धुऊन निघाल्यावर एक गेलं आणि एक लटकलं. मला तिचा अभिमान वाटला, आणि तो नेमका हिच्याबद्दल वाटावा याचा रागही आला.

तिनं टॉवेलनं डोळे पुसले, टॉवेल पिळून बादलीत टाकला आणि डॉक्टरांच्या मुलीला म्हणाली, "चला. आणि वाटेत सांगा, तुमच्या आईनं पहिलं मूळ कुठून आणलं होतं. कसल्या पाण्यातलं होतं ते कळायला हवं मला."